झाकण मिटलं तरी बॅटरी उतरते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लिनक्सवर लॅपटॉप झाकण मिटून ठेवला की सकाळपर्यंत बॅटरी निम्म्यावर येते. वापरताना तक्रार नाही, गळती झोपेतच आहे. झोपेचा प्रकार ठरवणाऱ्या सिस-पॉवरमधल्या मेम-स्लीप फाइलीत 'एस-टू-आयडल' (हलकी झोप) आणि 'डीप' (खोल झोप) दोन्ही दिसतात, चौकटी कंस मात्र पहिल्याभोवती, म्हणजे सध्या तीच निवडलेली आहे. बूटच्या वेळी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डीप वापरायला सांगावं, की आधी कोणतं उपकरण जागं राहतंय ते शोधावं? डीपमधून उठताना कुणाचं वायफाय रुसलंय का?

शिवाय पॉवर-प्रोफाइल्स-डीमन (वीजवापराचे प्रोफाइल बदलणारी सेवा) आधीपासून चालू आहे. त्यासोबत टीएलपी (बॅटरी वाचवणारं साधन) टाकलं तर दोघं एकाच सेटिंगवर भांडतात, म्हणून एकच ठेवायचंय. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायचं असल्याने माझा कल टीएलपीकडे. पण मग डेस्कटॉपच्या मेनूतून प्रोफाइल बदलायची सोय जाते का?