नाणेघाट: नेमकं काय बघायचं, कसं बघायचं

कोकणातून जुन्नरला चढणाऱ्या जुन्या नाणेघाटाची वाट, तिथलं लेणं किंवा त्यातला कोरीव लेख ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कामाचंच हवं, 'धमाल आली'साठी दुसरे धागे आहेत.

घाटवाट्या:
कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरा. वैशाखरे गेलं की थोडं पुढे उजव्या हाताला वाट फुटते. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. चढ पश्चिम अंगाचा, म्हणजे सकाळी सावली आणि दुपारनंतर उन्हाचा मारा. सातला पायथा सोडलेला बरा. आधी रानातली सौम्य वाट, मग नाळेतल्या, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतल्या, दगडी पायऱ्या. अडीच-तीन तास, माणशी ३ लिटर पाणी. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, पावसात वर शेवाळ. माणसं आपटतात ती बहुधा उतरताना. सोल झिजलेले बूट नकोत.

लेणीवेडा:
लेणं माथ्याच्या जरा खाली आहे. मागच्या भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी, हकुसिरी अशा सातवाहन मंडळींच्या मूर्ती होत्या. उरलेत ते पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं. 'इथं काहीच नाही' म्हणत लोक परततात ते इथूनच! मुख्य लेख बाजूच्या भिंतींवर आहे. बॅटरी समोरून मारली की अक्षरं सपाट दिसतात. भिंतीलगत तिरपी धरा, खाचांत सावली पडते आणि अक्षर उठतं. खडू फासणं, पाणी मारणं अजिबात नको.

ब्राह्मीप्रेमी:
लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव (बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य यांना वंदन. पुढे अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञ आणि त्यांची दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (तेव्हाची नाणी). नवख्याने आधी आकडे शोधावेत. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. १०, १००, १००० यांना वेगळी चिन्हं. ४००० लिहायचे तर हजाराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडलंय. एवढं कळलं की २४,४०० सुद्धा सुटे करून वाचता येतात.

घाटवाट्या:
आणि माथ्यावरचा तो दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत म्हणतात?

ब्राह्मीप्रेमी:
ती परंपरेची गोष्ट. सोपारा-कल्याण बंदरांचा माल याच वाटेने जुन्नर-पैठणला चढायचा, तेव्हा जकात असणं पटतं. पण या लेखात जकातीचा शब्द नाही. फोटोखाली 'शिलालेखानुसार' तेवढं लिहू नका.

माथ्यावरचा:
जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी माथ्यापर्यंत येते. पावसाळ्यातल्या उलट्या धबधब्यासाठी येणाऱ्यांनो, पाणी जास्त म्हणजे धबधबा भारी हा हिशेब इथं चालत नाही. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो आणि बारीक धारेला मागे फेकतो. जाड लोंढा त्याला उचलत नाही; वारा पडला की धारही सरळ खाली. नानाचा अंगठा या माथ्यावरच्या सुळक्याच्या कडेला धुक्यात टोक कळत नाही, म्हणून धुकं असेल तर मागेच थांबा. भिजायला तिथंही मिळतं.