ट्रास्टुझुमॅब चालू असताना हृदयासाठी व्यायाम कसा सुरू करावा?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या (वय 54) डाव्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन असे उपचार पूर्ण झाले असून ट्रास्टुझुमॅबची (कर्करोगाच्या पेशींवर नेमका मारा करणाऱ्या औषधाची) इंजेक्शने दर तीन आठवड्यांनी चालू आहेत. केमोमध्ये डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ती लाल रंगाची सलाईन, होती. ताज्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतले किती रक्त बाहेर टाकते ते प्रमाण, 56 टक्के आले आणि ते ठीक असल्याचे सांगण्यात आले. तरीही एक जिना चढला की त्यांना थांबावे लागते. घरात दोन तट पडले आहेत. सासूबाईंच्या मते त्यांनी वर्षभर काडीही इकडची तिकडे करू नये, तर पुतण्या त्यांना रोज पहाटे आमराईत पळायला न्यायला निघाला आहे. बायपासनंतर रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम शिकवतात, तसे काही या आजारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी असते का?

उत्तर 1 (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

असते. 2019 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने कर्करोगाच्या रुग्णांसाठी हृदय-पुनर्वसनाच्या धर्तीवरच कार्यक्रम असावा, अशी भूमिका सविस्तर मांडली. आपल्याकडे या नावाचा स्वतंत्र विभाग बहुधा सापडणार नाही; परंतु जिथे बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतरचे पुनर्वसन चालते, तिथे कर्करोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन गेल्यास काम होऊ शकते.

56 टक्क्यांचा आकडा चांगला आहे, पण तो पाठीवर किंवा कुशीवर निजलेल्या माणसाच्या हृदयाचा आहे. जिना चढताना हृदय, फुप्फुसे, रक्तातील हिमोग्लोबिन आणि मांड्यांचे स्नायू या सर्वांची एकत्र परीक्षा होते, आणि केमोच्या काळात यांपैकी प्रत्येकावर थोडाफार आघात झालेला असतो. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाच्या स्नायूंना होणारी इजा एकूण मात्रेनुसार वाढते व कधी कधी काही वर्षांनी उघड होते. ट्रास्टुझुमॅबमुळे घटलेली हृदयाची क्षमता औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा सुधारते. आणि डाव्या बाजूच्या रेडिएशनमध्ये हृदयाचा व त्याच्या रक्तवाहिन्यांचा काही भाग किरणांच्या वाटेत येऊ शकतो. त्यामुळे ‘अशक्तपणा आहे, होईल कमी’ असे म्हणून हा दम सोडून देऊ नये. व्यायामाआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब आणि ईसीजी पाहून घ्यावे, आणि ट्रास्टुझुमॅब असेपर्यंत साधारण दर तीन महिन्यांनी होणारा इको चुकवू नये.

तपासण्या ठीक असतील तर विश्रांतीचा सल्ला मात्र मला मान्य नाही. अंथरुणात राहिल्याने स्नायू झिजतात आणि दम अधिकच वाढतो. सुरुवातीला सहा मिनिटांत त्या किती मीटर चालतात याची नोंद घेतली जाते, आणि औषधाची मात्रा ठरवतात तसाच व्यायामही ठरवून दिला जातो: किती वेळा, किती वेळ, किती जोराने. दहा मिनिटांच्या सपाट चालण्यापासून सुरुवात करून, जमेल तसे वाढवत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत जाणे हे साधारण उद्दिष्ट असते. जोर मोजण्यासाठी केवळ नाडीवर विसंबू नये, कारण बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारी) गोळी चालू असल्यास ती फारशी वाढतच नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही कसोटी पुरेशी आहे. पुतण्याचा उत्साह कौतुकास्पद आहे. त्याला पळण्याऐवजी सोबत गप्पा मारत चालण्याचे काम द्यावे.

उत्तर 2 (सातारा)

मी स्वतः या उपचारांतून गेले आहे. आमच्या साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणे म्हणजेच व्यायाम, अशी समजूत आहे आणि घरच्यांनी मलाही तोच आग्रह केला होता. माझ्या फिजिओथेरपिस्टनी मात्र चढाचे रस्ते प्रथम पूर्ण बंद ठेवले, कारण चढावर आपला वेग कमी झाला तरी हृदयावरचा भार कमी होत नाही. या बाबतीत सांगलीकर सुखी आहेत. तुमच्याकडे चढ शोधावा लागतो. उन्हाळ्यात मात्र तुमच्याकडचे ऊन बाधते, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी परतावे हे उत्तम.

प्रश्नकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. काखेतील गाठी काढल्यामुळे डाव्या हाताने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, असे त्यांच्या मनात पक्के बसले आहे. मग वजनाचे व्यायाम वर्ज्यच समजायचे का?

उत्तर 3 (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

वर्ज्य नाहीत. काखेतील गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, म्हणून पूर्वी तसे सांगितले जात असे, परंतु 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हाताला आधीच सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला तेव्हा सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. भरलेली कळशी एकदम उचलणे आणि अर्ध्या किलोपासून क्रमाने वाढवत जाणे यांत मोठा फरक आहे. खांदा पुरेसा उचलता येऊ लागल्यावर आठवड्यातून दोनदा, श्वास न कोंडता हे व्यायाम करावेत. सूज असल्यास दाबाची बाही (हातावर घट्ट बसून सूज आवरणारी) घालावी. मांड्यांसाठी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे सर्वांत सोयीचे असून जिन्यावर त्याचाच उपयोग होतो.

छातीत दुखणे, धडधड, चक्कर, आडवे झाल्यावर दम लागणे, दोन्ही पायांना सूज किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर 4 (इस्लामपूर)

प्राणायाम पुरेसा नाही का? माझ्या बहिणीला त्याने बराच आराम वाटला.

उत्तर 5 (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

झोप आणि मनाची अस्वस्थता यांसाठी तो जरूर करावा, मात्र श्वास जोरात रोखून धरणारे प्रकार टाळावेत. हृदयाची व स्नायूंची क्षमता वाढवण्यासाठी चालण्याला तो पर्याय होऊ शकत नाही. पुढच्या इंजेक्शनच्या वेळी इकोचे सर्व जुने अहवाल सोबत न्या आणि व्यायामाची परवानगी कागदावर लिहून घ्या. सासूबाईंना दाखवायलाही तोच कागद उपयोगी पडेल.