‘गुस्ता’ म्हणजे ‘आवडतं’, मग इथे का नाही?

शब्दवेल्हाळ : मेक्सिकोतल्या एका कथेचा अनुवाद चालू आहे. खानावळवाली म्हातारी गिऱ्हाइकाला विचारते, ‘गुस्ता उन काफे, होबेन?’ मी लिहिलं, ‘कॉफी आवडते का रे पोरा?’ स्पॅनिश शिकवणाऱ्या एकांनी ते खोडलं. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’ हे पहिल्याच धड्यात असतं. मग चूक कुठे?

तळटीप : वाक्यात ‘मे, ते, ले’ (मला, तुला, त्याला/तिला/तुम्हाला) यांपैकी काही आहे का ते आधी पाहा. ‘ले गुस्ता एल काफे?’ म्हणजे ‘तुम्हाला कॉफी आवडते का?’ इथे कर्ता कॉफी. तुमच्या वाक्यात सर्वनामच नाही, म्हणजे कर्ता समोरचा माणूस, आणि अर्थ ‘कॉफी घेणार का?’ मेक्सिकोत हे रोजचं बोलणं आहे. उत्तर ‘सी, ग्रास्यास’, म्हणजे ‘हो, धन्यवाद’. ‘सी, मे गुस्ता’ म्हटलं तर कॉफीबद्दलचं मत कळतं, कप हवा की नको ते कळत नाही.

दुसरं, ‘गुस्ता’ हे ‘उस्तेद’चं, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’चं रूप. ‘तू’साठी ‘गुस्तास’ झालं असतं. त्यामुळे ‘रे पोरा’ बसत नाही. ‘होबेन’ म्हणजे तरुण खरं, पण तिकडे अनोळखी गिऱ्हाइकाला किंवा वेटरला मारलेली ती साधी हाक आहे. ‘कॉफी घेणार का, दादा?’ करा.

कोसंबी-कोश : कोणी जेवताना दुसरा आला की ‘गुस्ता?’ किंवा ‘गुस्तास?’ एवढंच म्हणतात. आपलं ‘या जेवायला’. येणारा बसत नाही, ‘प्रोवेचो’ (‘सावकाश होऊ द्या’सारखं) म्हणून पुढे जातो. याचं भाषांतर ‘आवडतं?’ केलं तर प्रसंगच मेला.

मिरासदार_नाही : मराठी माणसाला ‘गुस्तार’ (‘गुस्ता’चं मूळ क्रियापद) सोपं जायला हवं, पण आपण ते इंग्रजीतून शिकतो आणि ‘आय लाइक’सारखं ‘मी’ला कर्ता करून ‘यो गुस्तो’ लिहून बसतो. थेट मराठीवर ठेवून पाहा. मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. मला वाचायला आणि लिहायला आवडतं, मे गुस्ता लेएर इ एस्क्रिबीर. क्रिया दोन असल्या तरी दोन्हीकडे एकवचनच!

आपले लोक घसरतात ते दोन ठिकाणी. एक, ‘एल’ (इंग्रजी ‘द’सारखं उपपद) गाळून ‘मे गुस्ता काफे’ म्हणतात. दोन, ‘आनाला आवडतं’ म्हणताना ‘अ आना गुस्ता’वर थांबतात. तिथे ‘अ आना ले गुस्ता’ लागतं, ‘ले’ सोडता येत नाही. मराठीत असा दुहेरी प्रकार नसल्यामुळे तो हमखास निसटतो.

पाणिनीचा_शेजारी : पाणिनीचं सूत्रच आहे, ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ (१.४.३३). देवदत्ताय रोचते मोदकः. ज्याला आवडतं तो संप्रदान (चतुर्थीतला, ‘-ला’वाला), मोदक कर्ता. म्हणून ‘गुस्तार’ला ‘रुचणे’ हाच प्रतिशब्द योग्य.

तळटीप : ‘मे गुस्तास’ला मग काय, ‘तू मला रुचतेस’? ती प्रेमाची कबुली असते हो. नुसता माणूस म्हणून बरा वाटतो, तर ‘मे काएस ब्येन’ म्हणतात.

गुळसाखर : ‘गुस्तो’, ‘गोष्ट’, ‘गोड’ एकाच घरातले असावेत का?

पाणिनीचा_शेजारी : नाही. ‘गोष्ट’ गोष्ठीवरून, ‘गोड’ गुळाकडचा. लॅटिन ‘गुस्तारे’ म्हणजे चाखणे, आणि त्याचा सख्खा नातलग संस्कृत ‘जुष्’. गीतेतलं ‘अनार्यजुष्टम्’ आठवा. ऋग्वेदात देवाला हवी देताना ‘जुषस्व’ म्हणतात, आवडीने घे. म्हातारीचं ‘गुस्ता?’ त्याच जातीचं. फारसीतून आलेला ‘दोस्त’ही याच धातूचा. ‘गुस्सा’ मात्र अरबी, त्याचा संबंध नाही.

शब्दवेल्हाळ : ‘कॉफी घ्यायला आवडेल का?’ केलं तर ‘आवड’ही राहील.

मिरासदार_नाही : ती इंग्रजीची उसनवारी. खानावळीत कोण असं बोलतं? ‘कॉफी देऊ?’ बास.

कोसंबी-कोश : आता सर्रास बोलतात. शिवाय ‘ले गुस्तारीआ उन काफे?’ (‘गुस्तारीआ’ म्हणजे ‘आवडेल’) असं आलं तर तेच नेमकं बसेल. सगळंच ‘देऊ?’ केलं तर दोन वाक्यांतला फरक मराठीत दाखवणार कसा?

मिरासदार_नाही : नाही दाखवला तर काय बिघडलं? म्हातारी व्याकरण शिकवायला बसलेली नाही.

मांडवीकाठ : पोर्तुगीज येणाऱ्या गोंयकारांचा घोटाळा उलटा. तिथे ‘मला आंबा आवडतो’ला ‘एऊ गोश्तु द मांगा’, ‘एऊ’ म्हणजे ‘मी’, आवडणारा माणूसच कर्ता. ते स्पॅनिशमध्ये ‘गुस्तो दे’ म्हणतात. ते चूक नाही, ‘गुस्ता दे लेएर’ पुस्तकी स्पॅनिशमध्ये आहे, पण बाजारात आंबे घेताना विचित्र वाटतं.

पाणिनीचा_शेजारी : म्हणजे पोर्तुगीजने जुनी रचना धरली. चाखणारा माणूसच असतो, आंबा थोडाच चाखतो!

गुळसाखर : पण ‘रुची’ म्हणजे मुळात प्रकाश ना? मग चवीकडे कशी आली?