युद्धाला संसदेची मंजुरी हवी की नको?

रावेरचा केळीवाला
परवा मळ्यात भरीत पार्टीला वाद पेटला, तो इथं आणतो. २००९ साली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई सुखोईत बसल्या, तेव्हा 'तिन्ही दलांच्या सरसेनापती' म्हणून आम्ही छाती फुगवली होती. पण कलम ५३ मधलं ते अधिपत्य नावापुरतं, राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. बरं, युद्धाला आधी संसदेची मंजुरी लागते असंही घटनेत कुठं नाही. 'युद्ध आणि शांतता' विषय संघसूचीत (केंद्राच्या विषयांच्या यादीत) आहे, म्हणजे संसदेला कायदा करता येतो. करावा, असं माझं मत.

भुसावळ जंक्शन
भो, ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. त्या रात्री खासदार गोळा करायचे का? मी चौथीत होतो. क्वार्टरच्या काचांना काळे कागद, यार्डात ताडपत्री टाकलेल्या वाघिणी. त्यात काय आहे हे वडिलांनी आईलाही सांगितलं नाही, तुम्ही साऱ्या सभागृहाला सांगा म्हणता!

रावेरचा केळीवाला
काका, हल्ला झाल्यावर मंजुरी मागा असं मी कुठं म्हटलं? माझा मुद्दा १९८७ चा. श्रीलंकेत शांतिसेना गेली ती दोन सरकारांच्या करारावर. १९९० मध्ये परतली, अकराशेच्या वर जवान गमावून. तिथं कोणतं विमान आपल्यावर आलं होतं?

धुळ्याचा वकील
कायद्याने भागत नाही. अमेरिकेत युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, पण शेवटचं रीतसर पुकारलेलं युद्ध १९४२ चं. कोरिया, व्हिएतनाम न पुकारताच झाले. १९७३ ला निक्सनचा नकाराधिकार मोडून कायदा आणला : ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत मंजुरी नाही तर सैन्य मागे घ्या. २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटले, तर ओबामांचं सरकार म्हणालं ही त्या कायद्यातली लढाईच नव्हे! (वकील म्हणून दाद देतो.) आपल्याकडे पैसा संसदेच्या हातात आहे, तेवढा लगाम पुरे.

अमळनेरची मास्तरीण
सैन्य सीमेवर उभं असताना जादा पैशाच्या पुरवणी मागणीला 'नाही' म्हणायची कोणाची छाती आहे, वकीलसाहेब? लगाम कसला! १९६२ ला वाजपेयींनी अधिवेशन मागितलं, नेहरूंनी लढाई चालू असतानाच ८ नोव्हेंबरला भरवलं आणि बोलणी खाल्ली. १९९९ ला कारगिलच्या वेळी लोकसभा विसर्जित होती. विरोधक म्हणाले राज्यसभा तरी बोलवा. पंतप्रधान वाजपेयींनी नाही बोलावली.

भुसावळ जंक्शन
पण ताई, ६२ ला जिंकलो का?

अमळनेरची मास्तरीण
हरलो ते अधिवेशनामुळे नाही ना, काका.

भुसावळ जंक्शन
ते खरं. पण साठ दिवसांची अट घातली की समोरचा कॅलेंडर घेऊन बसेल, हे माझं म्हणणं कायम.

रावेरचा केळीवाला
मग नव्वद करा. पण परदेशात पोरं पाठवताना एकदा तरी हात वर करायला लावा. आमच्या ग्रामपंचायतीत गटारीचं कामही ठरावाशिवाय निघत नाही हो.