चौंडक्याला आणि मोरचेलाला कसर लागली, काय करू?

खानापूरची सून
नमस्कार. आमच्या घरी सासूबाईंच्या आईचं चौंडकं (कातडं चढवलेलं तारेचं वाद्य) आणि मोरपिसांचं मोरचेल, म्हणजे चवरी, आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला दोन्ही बरोबर न्यायची घरची रीत. एरवी वर्षभर ती पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली असतात. परवा ट्रंक उघडली तर लुगड्यावर तपकिरी भुसा आणि त्यात केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती. आठ-दहा पिसांच्या नुसत्या काड्या उरल्यात. चौंडक्याच्या कातड्याला कडेला टाचणीच्या डोक्याएवढी तीन भोकं पडलीत.

जूनमध्ये मी स्वतः सहा डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या, तरी हे झालं. कातडं बदलून घेऊ म्हटलं तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, "त्यावर आईचा हात फिरलाय गं." उन्हात ठेवू का? रॉकेल पुसू का? त्याच खोलीत माझं चार महिन्यांचं बाळ झोपतं, म्हणून फवारायची भीती वाटते.

निपाणीकर
आमच्याकडे हलगीच्या पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड टाकतात. स्वस्त आणि सोपं.

शहापूरचा पखवाजवाला
ताई, आधी त्या गोळ्या घराबाहेर काढा, मग बाकीचं. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. डांबरगोळीच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. त्या ट्रंकेतली दुपटी-गोधड्यासुद्धा धुऊन, वारा देऊन मगच बाळाला घ्या.

मी बेळगावात तीस वर्षं पखवाज-तबल्याच्या पुड्या, म्हणजे वाजवायची कातडी तोंडं, चढवतो. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं असतं, त्याला कीड सहसा तोंड लावत नाही. वाद्याचं कातडं कच्चं, म्हणजे केस काढून ताणून वाळवलेलं, बस्स. अळीला ते सुकं मटणच. २०१९ च्या पावसाळ्यात माझा शेळीच्या कातड्यांचा एक गठ्ठा ओल धरून बसला. वरून कापूर ठेवला होता, वेखंडही होतं. दिवाळीनंतर सोडला तर मधली चौदा कातडी चाळणी झालेली. निपाणीकरांचं वेखंड चुकीचं नाही, नवीन भुंगेरा जरा लांब राहील. पण आत घातलेली अंडी वासाने मरत नाहीत, हे मी चौदा कातडी घालवून शिकलो.

अंडी मारायला घरातला बिनविषारी उपाय म्हणजे थंडी. चौंडक्याची तार आधी पूर्ण सैल करा. पावसाळी हवेत नको, कोरड्या दिवशी, मऊ ब्रशने भुसा झाडा, तोही अंगणात. मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. नाहीतर हवेतलं पाणी गार कातड्यावर जमतं आणि बुरशी येते. तबल्या-पखवाजाची काळी शाई लावलेली पुडी मात्र मी कधी फ्रीझरमध्ये घालत नाही, माझा हात धजत नाही.

ऊन नको. ताणलेलं कच्चं कातडं उन्हात आकसतं आणि भोकापासून फाटत जातं. रॉकेलचा तर डाग कायमचा. भोकं कडेला आहेत, तार मधून जाते, म्हणून कातडं काढायची मला तरी गरज दिसत नाही. तार थोडी कमी ताणा. आवाज किंचित बसेल, पण आजीचं कातडं राहील.

पखवाज असणाऱ्यांनाही सांगतो: भजन संपलं की धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक खरवडून काढा. तशीच वाळू दिली की झुरळं, उंदीर आधी कणीक खातात, मग कातडं.

चिकोडीची विज्ञान शिक्षिका
पिसं खाणारी अळी बहुधा गालिच्याच्या भुंगेऱ्याची. मोठा झालेला भुंगेरा फुलातले परागकण खातो, नुकसान अळीचं. हे भुंगेरे उजेडाकडे जातात, म्हणून खिडकीच्या चौकटीत दोन-तीन मिलिमीटरचे ठिपकेवाले गोल भुंगेरे सापडतात का बघा. माळ्यावर किंवा कौलाखाली कबुतराचं, चिमणीचं सोडलेलं घरटं असेल तर ते काढा. कित्येकदा मूळ तिथेच असतं. ते राहिलं तर ट्रंक कितीही साफ करा, पुढच्या वर्षी परत हेच.

मोरपीस धुता येतं. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, देठाकडून टोकाकडे बोटं फिरवायची आणि सावलीत वाळवायचं. तो निळा-हिरवा रंग पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो, म्हणून वाळल्यावर चमक परत येते. मुठीला दोरा, कापड असेल तर ती भिजवू नका.

आणखी एक. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आपोआप गळलेली पिसं घरात ठेवायला हरकत नाही, उपटलेली चालत नाहीत. नवीन पिसं घालताना तेवढं विचारून घ्या. कुणाकडे आजोबांच्या काळचं मृगाजिन असेल तर त्याला वन खात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं, आणि ते विकता येत नाही.

खानापूरची सून
काका, बाई, मनापासून आभार. मासळीवाल्याच्या फ्रीझरला सासूबाईंनी नाही म्हटलं, आणि मलाही ते पटलं. आमच्या इथल्या डेअरीवाल्याने एक कप्पा दिला. सोळा दिवस ठेवलं, एक दिवस तसंच राहू दिलं, काल उघडलं.

घरटं खरंच निघालं, देवघराच्या वरच्या कौलाखाली, कबुतराचं. खाली अळ्याच अळ्या. चौंडकं आता धुतलेल्या सुती कापडात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलंय, आणि दर अमावास्येला उघडून बघायचं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. पिसं वाळली, रंग जसाच्या तसा. काड्या झालेली पिसं मात्र त्यांनी टाकू दिली नाहीत, ती वेगळ्या पुडीत बांधून ठेवलीत.