आईची साखर काठावर, हाडं विरळ, पोट सुटलेलं: तेल-तूप बंद करायचं की वाढवायचं?

खानापूरची_लेक

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचंय. वय 62, खानापूर तालुक्यात गावी असते, मी बेळगावात. नुकत्याच तपासण्या करून घेतल्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.2, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर (तरुण हाडाशी तुलना) उणे 2.3, कमरेचा घेर 94 सेंमी. हातपाय काटकुळे, सगळं पोटावरच. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची भुकटीची छोटी पिशवी आठवड्याला एक लिहून दिली आणि "तेलकट बंद करा" एवढं म्हणून पुढच्या पेशंटला बोलावलं.

इकडे मामाचे फॉरवर्ड सुरू. भात-भाकरी सोडा, सकाळी उपाशीपोटी दोन चमचे तूप घ्या, त्यानं इन्सुलिन वाढत नाही, हाडांना वंगण मिळतं. आईला हे पटकन पटलं, कारण म्हैस घरची, तूप घरचं.

मला अडतंय ते असं. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं म्हणतात, मग तेल-तूप पार तोडलं तर ती पिशवी अंगी लागेल का? वजन उतरवलं तर हाडं आणखी खंगतील का? आणि तुपाचं ते इन्सुलिनचं खरं आहे का? घरात चार माणसं, महिन्याला शेंगतेलाचा 5 लिटरचा डबा लागतो. वहिनी म्हणते, हे काय जास्त नाही.

चिकोडीकर

आहार विभागात काम करते, म्हणून लिहिते. औषधांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

मामांचं अर्धं खरं आहे. नुसतं तूप खाल्लं तर त्या वेळी रक्तातली साखर किंवा इन्सुलिन फारसं चढत नाही. पण एक ग्रॅम स्निग्धात 9 कॅलरी, पिष्टात नि प्रथिनात 4. जादा झालेलं कुठंतरी साठणारच, आणि ते यकृतात नि आतड्यांभोवती साठलं की इन्सुलिनचं काम बिघडतं. तुमच्या आईंचा घेर तेच सांगतोय. आपल्याकडच्या बायकांना 80 सेंमीची मर्यादा धरतात.

कुठलं स्निग्ध, यानंही फरक पडतो. स्वीडनमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 39 सडपातळ तरुणांना 7 आठवडे जादा मफिन खायला दिले, काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफूल तेलाचे. वजन दोन्हीकडं सारखंच वाढलं, पण पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी जास्त जमली. पामतेलात निम्मं संपृक्त स्निग्ध (सॅच्युरेटेड फॅट) असतं, तुपात त्याहून जास्त.

आता डबा. 5 लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चौघांत वाटून रोजचे माणशी 38 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2010 च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला वरचं तेल-तूप मिळून 20 ग्रॅम आहे. वहिनींना सांगा, जास्त आहे.

घाण्यावरचा

शेंगतेल वाईट नव्हे ओ. त्यात निम्म्याच्या आसपास ओलेइक नावाचं स्निग्धाम्ल असतं, तेच जे ऑलिव्हमध्ये गाजतं. उगीच महागाची बाटली आणू नका. एक विचारतो, चहाबरोबर काय असतं? खारी, टोस्ट? वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना होणारी घातक चरबी) 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली खरी, पण सुटी खारी कशात भाजलीय हे पुड्यावर कुठं लिहितात?

चिकोडीकर

हाडांचं राहिलं. पिशवी मोठ्या जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नको. जेवणात चमचाभर तेल-तूप असलं तरी पुरतं, त्यासाठी वाटी प्यायला नको. स्निग्ध कमी केलं म्हणून हाडं मोडतात असंही दिसलेलं नाही. अमेरिकेत पाळी थांबलेल्या 48,835 बायकांवर वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाची चाचणी झाली. त्यात स्निग्ध कमी करायला सांगितलेल्या गटात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण वाढलं नाही.

तुमची दुसरी भीती रास्त आहे. वजन झपाट्यानं उतरलं तर स्नायूंबरोबर हाडही झिजतं. म्हणून हळूहळू उतरवा, डाळ, उसळ, ताक, चालत असेल तर अंडं-मासे यात कपात नको, आणि पायांवर भार पडेल असं चालणं, जिना, खुर्चीवरून उठबस रोज हवी. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त.

आणखी एक. टाइप 2 डायबेटीसमध्ये स्कॅनचा आकडा बरा असूनही हाड लवकर मोडतं. तेव्हा साखर काठावर असतानाच आवरली तर हाडांचंही भलं. थायरॉइड नि आधी घेतलेले स्टेरॉइड यांचाही हाडांवर परिणाम होतो, त्याबद्दल डॉक्टरांनी विचारलं का?

खानापूरची_लेक

नाही विचारलं. दम्यासाठी मध्ये गोळ्या होत्या, जुने कागद शोधते आणि पुढच्या वेळी घेऊन जाते.

खारी रोज असते की! आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, पाहुण्यांसाठी आणते. आमच्याकडं रोज पाहुणे कुठले? पिशवी दुपारच्या जेवणानंतर ठरवली. जवसाची चटणी तिला आवडते, तेल न घालता चालेल ना? आणि तूप एक चमचा, भातावर. मामाला हा धागा पाठवलाय, तो इथं येऊन भांडेल, तयार राहा.

चिकोडीकर

जवस चालेल, भाजून कुटून घ्या, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. मीठ बेतानं. मामा येऊ देत.