भाज्या आणि फळे धुण्याबाबत सल्ला हवा: साधे पाणी पुरे, की मीठ, सोडा, बाटलीतले द्रावण?

सोनचाफा (डिचोली):

नमस्कार. आमच्या घरात गेले पंधरा दिवस एका साध्या प्रश्नावरून मतभेद चालू आहेत, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला मागत आहे. सासूबाई प्रत्येक भाजी मिठाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवतात. यजमानांनी भाजी धुण्यासाठी म्हणून मिळणारे एक द्रावण आणले आहे, त्याचा वास काकडीला दुसऱ्या दिवशीही येतो. धाकट्या दिरांचे म्हणणे असे की शिजवल्यावर सगळे मरतेच, मग हा खटाटोप कशाला. मते तिघांची आहेत आणि भाजी मात्र मीच धुते.

कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, ढब्बू मिरची हा सगळा माल बेळगावकडून आलेला असतो. तांबडी भाजी आणि मुळा जवळच्या मळ्यातली एक बाई दारावर आणून देते. नळाला पाणी नसले की आम्ही विहिरीचे वापरतो. कोणत्या गोष्टी किती धुवाव्यात, साधे पाणी पुरते का, आणि आणल्याबरोबर धुऊन फ्रीजमध्ये ठेवावे की नाही, एवढे कोणी सांगेल का? गेल्या आठवड्यात धुऊन ठेवलेली कोथिंबीर तीन दिवसांत काळी पडली.

पेडणेकरीण:

सोनचाफा, पालेभाजीपुरते मी सांगते, कारण तेवढ्यात माझा हात बसलेला आहे. तांबड्या भाजीची जुडी बांधलेली असताना कितीही वेळ नळाखाली धरली तरी उपयोग नाही. वाळू देठांच्या बेचक्यात आणि मुळांजवळ असते. जुडी सोडावी, मुळे कापून टाकावीत, पिवळी पाने काढावीत आणि मोठ्या टोपात भरपूर पाणी घेऊन भाजी हाताने खालीवर करावी. यानंतर बहुतेकजणी टोप चाळणीवर उपडा करतात, आणि तेथेच चूक होते: तळाशी बसलेला गाळ पाण्याबरोबर पुन्हा भाजीवर येतो. भाजी दोन्ही हातांनी वर उचलून चाळणीत ठेवावी, गढूळ पाणी टाकावे, टोप विसळावा आणि पुन्हा पाणी घ्यावे. पावसाळ्यात मला चार पाणी लागतात, एरवी तीन. टोपाच्या तळावर बोट फिरवले आणि कण लागला नाही की झाले.

चिरून मग धुऊ नये. चिरलेल्या पानातून लाल रंग पाण्यात उतरतो, आणि त्याबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात. कोथिंबीर मात्र आणल्यावर धुऊच नये. निवडून, कोरड्या पंच्यात गुंडाळून ठेवावी आणि लागेल तेव्हा लागेल तेवढीच धुवावी. आपल्याकडच्या दमट हवेत ओली पाने टिकत नाहीत.

मांडवीकाठ:

थोडे वेगळे मत मांडतो. आम्ही लहानपणी करवंदे, जांभळे, चुन्ने थेट झाडावरून तोंडात टाकली, पेरू सदऱ्याला पुसून खाल्ला. कोणालाही काही झाले नाही. आता घरोघरी सोडा, व्हिनेगर आणि ओझोनची यंत्रे आली आहेत. हा सारा भीतीचा व्यापार आहे असे मला वाटते.

सूक्ष्मदर्शी (फोंडा):

मी काही वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

मांडवीकाठ, भीतीच्या व्यापाराबद्दल आपण म्हणता ते पुष्कळसे खरे आहे, पण झाडावरचे करवंद आणि बाजारातला टोमॅटो यांची तुलना होत नाही. करवंदाला तोडणाऱ्या एकाच हाताचा स्पर्श होतो. टोमॅटो शेतातून पाटीत, पाटीतून ट्रकमध्ये, तेथून गाड्यावर येतो आणि ग्राहक तो दाबून पाहून परत ठेवतात. शेतात दिलेले पाणी आणि खत कोणते होते, हे तर आपल्याला ठाऊकच नसते.

सोनचाफा, मी सर्वप्रथम भाज्यांचे दोन ढीग करीन: शिजणार त्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणार त्या. आपले दीर म्हणतात ते पहिल्या ढिगापुरते बरोबर आहे, कारण नीट शिजवलेल्या भाजीत रोगजंतू उरत नाहीत. तेथे धुणे हे माती, वाळू, किडे आणि वरवरची औषधे काढण्यासाठी. मात्र तीच न धुतलेली भाजी ज्या पाटावर चिरली, त्याच पाटावर मग काकडी चिरली तर शिजवण्याचा फायदा काकडीला मिळत नाही. खरी काळजी दुसऱ्या ढिगाची: काकडी, टोमॅटो, गाजर, कोशिंबिरीचा कोबी, वरून पेरायची कोथिंबीर, सालीसकट खायची फळे. यांना वाहते पाणी आणि हाताने चोळणे हा उत्तम उपाय आहे. जंतू मरत नाहीत, पण निघून जातात. गाजर, मुळा, काकडी यांसाठी एक मऊ ब्रश वेगळा ठेवावा. धुतल्यावर स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसले तर आणखी काही जंतू कमी होतात, आणि ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

साबण किंवा भांड्यांचे द्रावण वापरू नये. फळभाज्यांची साल सच्छिद्र असते, द्रावण आत मुरते आणि ते पोटात जाण्यासाठी बनवलेले नसते. बाटलीबंद द्रावणाने साध्या पाण्यात चोळून धुण्यापेक्षा फार काही जास्त साधते असे मला दिसत नाही, आणि काकडीला दुसऱ्या दिवशी वास येत असेल तर ते पुरेसे निघून जात नाही हे आपल्या नाकानेच सांगितले आहे.

साल काढायची असली तरी फळ आधी धुवावे. कलिंगड, खरबूज, अननस यांची साल आपण खात नाही, परंतु सुरी सालीवरची घाण गरात ओढून नेते. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोतील एका शेतातून आलेल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया या जंतूची साथ पसरली, १४७ माणसे आजारी पडली आणि ३३ दगावली. खरबुजाची साल खडबडीत जाळीदार असते, तेव्हा तेथे ब्रश हवाच.

धुण्याने ज्याचे काही होत नाही अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे कच्चे मोड आलेले कडधान्य. जंतू बीच्या भेगांत असतात आणि मोड काढण्यासाठी आपण जी ऊब आणि ओल देतो, त्यातच ते वाढतात. त्याच २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे ई. कोलाय या जंतूची फार मोठी साथ आली होती. आपल्या मुगागाठी (मोड आलेल्या मुगाचे कालवण) शिजलेल्या असतात, त्यांची चिंता नको. मुलांच्या डब्यात कच्चे मोड द्यायचे असतील तर निदान वाफवून द्यावेत.

कुळागरी (सत्तरी):

औषधांविषयी कोणीतरी लिहायला हवे होते. मी स्वतः थोडी भाजी करतो, औषध फारसे मारत नाही, पण मारणाऱ्यांत वावरतो. कीटकनाशके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्पर्शजन्य औषध पानाफळाच्या पृष्ठभागावर राहते, ते धुण्याने बऱ्यापैकी उतरते. आंतरप्रवाही औषध झाड शोषून घेते आणि ते रसाबरोबर आत फिरते. तेथे मीठ, सोडा, ओझोन, कोणाचेच चालत नाही. त्यावर उपाय शेतकऱ्याच्या हातात असतो, तो म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सांगितलेले दिवस जाऊ देणे. ग्राहकाने काय करावे? फ्लॉवर, वांगी, भेंडी ही कीड लागणारी पिके असल्यामुळे त्यांवर फवारण्या जास्त होतात. ती ओळखीच्या माणसाकडून मिळत असतील तर अवश्य घ्यावीत. आपल्याकडे ताळगावची वांगी आणि सात शिरांची भेंडी असताना कोणाच्या मळ्यातून माल येतो हे विचारायला संकोच कशाला?

सोड्याबद्दल एक अभ्यास माझ्या वाचनात आहे. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर दोन औषधे लावून पाहिली. लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरची औषधे गेली, साध्या पाण्याने इतकी गेली नव्हती. मात्र सालीच्या आत शिरलेला भाग राहिलाच, एका औषधाचा सुमारे २० टक्के. म्हणजे द्राक्षे, सफरचंदे यांना सोडा घालायला हरकत नाही, दोन चमचे आणि पाव तास, मग वाहत्या पाण्याने धुणे. पण ते दोन औषधांचे आणि एका फळाचे उत्तर आहे, एवढे लक्षात ठेवावे. जाता जाता: द्राक्षांवरची पांढरी भुकटी दिसली की लोक औषध समजून घाबरतात. ती बहुधा द्राक्षाची स्वतःचीच असते, नैसर्गिक मेणाची.

सासूबाईंच्या मिठाच्या पाण्याचा मान राखायलाच हवा. कोमट पाण्यात मीठ घालून फ्लॉवरचे तुरे दहा मिनिटे उलटे ठेवले की हिरव्या अळ्या बाहेर येऊन तरंगतात. अर्धा तास मात्र नको, आणि प्रत्येक भाजीला तर नकोच.

सोनचाफा:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुळागरींचा शेवटचा परिच्छेद मी सासूबाईंना वाचून दाखवला, त्या प्रसन्न आहेत. आता दोन शंका. कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणून आमच्या शेजारणीने कोबी आणणेच बंद केले आहे. त्यात तथ्य किती? आणि विहिरीच्या पाण्याचे काय करावे?

सूक्ष्मदर्शी (फोंडा):

कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. मेंदूत जाणारी अवस्था डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीची (फितीसारख्या चपट्या जंताची) असते आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. मैल्याने दूषित झालेले पाणी किंवा माती भाजीला लागली तर ती पानांवर येतात. त्यामुळे दोष कोबीचा नाही, कच्ची खाल्ली जाणारी कोणतीही पालेभाजी असू शकते. डुकराचे मांस न खाणाऱ्यांनाही हा आजार होतो, तो याच वाटेने. ही अंडी क्लोरीनला किंवा व्हिनेगरला दाद देत नाहीत. ती धुऊन काढावी लागतात किंवा शिजवावी लागतात. शेजारणींना सांगा, बाहेरची दोन-तीन पाने टाकून द्यावीत, कोशिंबिरीसाठी कोबीची पाने सुटी करून एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळावे, आणि भाजी शिजवणार असल्यास निश्चिंत असावे.

विहिरीबाबत आपण विचारले हे फार बरे केले. पाणीच दूषित असेल तर धुताना आपण जंतू काढत नसून लावत असतो, आणि पावसाळ्यात आसपासचे पाणी मुरून विहिरीत उतरते. शिजणाऱ्या भाजीला ते पाणी चालेल. कच्चे खायचे असेल त्याला पहिली दोन पाणी विहिरीची घ्यावीत, शेवटचे विसळणे मात्र उकळून गार केलेल्या किंवा गाळणी यंत्रातल्या पाण्याने करावे. दोन पेले पुरतात.

मांडवीकाठ:

टोमॅटोचा मुद्दा मान्य. ओझोनच्या यंत्राबद्दलचे माझे मत तसेच आहे. आता आंब्याचे सांगा. आमच्याकडे मानकुराद तासभर पाण्यात ठेवतात, उष्णता निघते म्हणून. त्याला काही अर्थ आहे का?

पेडणेकरीण:

उष्णतेचे ठाऊक नाही, पण देठाजवळचा चीक निघतो हे नक्की. तो ओठाला लागला की फोड येतात. माझ्या लेकीच्या ओठाच्या कडेला चांगला आठवडाभर डाग राहिला होता. पाण्यात ठेवण्यापूर्वी देठ काढावा आणि नंतर तो भाग बोटाने चोळून धुवावा.

सोनचाफा, पावसात अळमी (रानातली आळंबी) आणाल तेव्हा हे सगळे नियम बाजूला ठेवा. ती रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, उगवतात, दांड्याला चिकट माती घट्ट बसलेली असते, आणि भिजत ठेवली तर पाणी पिऊन लिबलिबीत होतात. आधी सुरीने दांडा खरवडून घ्यावा, मग एकेक अळमे चटकन पाण्यातून काढून फडक्यावर ठेवावे. शंभर अळम्यांना माझा दीड तास जातो.